दिंडीत नाव लागायचं म्हणजे: पहिल्यांदा जाणाऱ्या सातारकरांसाठी

‘दिंडीचा फॉर्म कुठं मिळतो?’ हा प्रश्न मला गेल्या वैशाखात तिघांनी विचारला. त्यातला एक बँकेत नोकरीला असलेला मुलगा, त्याला पालखीसोबत लोणंद ते पंढरपूर चालायचं होतं. फॉर्म नसतो रे बाबा, वही असते, असं म्हटल्यावर त्याला वाटलं मी टाळतेय. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवते.

माझं स्वतःचं नाव वहीत कसं लागलं ते आधी सांगते, कारण त्यातच निम्मं उत्तर आहे. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव. सासूबाईंनी एकोणीस वर्षं ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीची वारी केली. गुडघे गेले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘माझी वारी पडंल. तू जा.’ मी शाळेत शिकवते, सुट्टीचा घोळ, लेकीची बारावी. तरी गेले. दिंडीच्या मालकांनी वही उघडली, सासूबाईंच्या नावापुढे एक आडवी रेघ ओढली आणि माझं नाव लिहिलं. खोडलं नाही, रेघ ओढली. आमच्याकडे वारी ही घराची असते, माणूस बदलतो. तुमच्या घरात कोणी आजोबा, मावशी, चुलत चुलते वारीला जात असतील तर दुसरीकडे शोधाशोध करू नका, त्यांच्याच दिंडीत जा. ओळखीशिवाय गेलं तरी चालतं, पण मग ओळख व्हायला दोन वर्षं जातात.

आधी हे कळू द्या की आपण कशात शिरतोय

पालखी सोहळा म्हणजे लाखो लोकांची गर्दी असं बाहेरून दिसतं. आतून तो शेकडो दिंड्यांचा बनलेला असतो आणि प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. माउलींच्या रथाच्या पुढे सत्तावीस दिंड्या चालतात, बाकीच्या रथाच्या मागे. ‘तुमची कितवी?’ याला ‘रथामागे अमुक’ असं उत्तर द्यायचं. हा क्रमांक म्हणजे दिंडीचा पत्ता. तंबू कुठं लागणार, आरतीला कुठं उभं राहायचं, रस्त्यात हरवलात तर कुणाला विचारायचं, सगळं त्यावर. पहिल्याच दिवशी तो हातावर बॉलपेननं लिहून ठेवा. हसू नका, मी लिहिला होता.

या रचनेचा मूळपुरुष आपल्याच जिल्ह्यातला. सातारा तालुक्यातल्या आरफळचे हैबतराव पवार, हैबतबाबा. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, पुढे सगळं सोडून आळंदीत आले. त्याआधी देहूकर मंडळी तुकोबांच्या आणि माउलींच्या पादुका एकत्र नेत. 1832 च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा सुरू केला आणि त्याला लष्करी शिस्त लावली. बेळगाव भागातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. आजही माउलींचे अश्व अंकलीहूनच येतात. तळ, कूच, चोपदार, कर्णा, ओळीची जागा हे सगळं सरदाराच्या डोक्यातून आलेलं आहे हे एकदा लक्षात आलं की नवख्याला बरेच नियम आपोआप उलगडतात. आळंदीच्या देवळात महाद्वाराच्या पायरीशी त्यांची समाधी आहे. आरफळकरांचा मान सोहळ्यात अजून चालतो.

दिंड्यांच्या वर फड असतात, म्हणजे एकेका महाराजांच्या परंपरेतल्या दिंड्यांचे गट. वासकर, देहूकर, आजरेकर, शिरवळकर ही जुनी नावं. सातारकरांचा फड तर टीव्हीमुळे घराघरांत पोचला, बाबामहाराज सातारकरांनी (1936-2023) पोचवला. फड बदलला की भजनाची चाल बदलते, अभंगांचा क्रम बदलतो, कधी एकादशी कोणती धरायची तेही बदलतं. चांगला कोणता, असं कुणी विचारलं की मी विषय बदलते.

चैत्रातच सुरुवात करा

पालखीचं आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होतं. आदल्या आठवड्यात फोन करून जागा मागणाऱ्याला मालक ‘या माउली’ म्हणतीलही, पण त्यांच्या मनात हिशेब चाललेला असतो: तंबूत जागा किती, ट्रकवर वळकट्या किती, आचारी किती माणसांचा. म्हणून चैत्र-वैशाखातच भेटा. कुठं? गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात. तिथं दिंडीचे मालक, विणेकरी, मृदंगमणी हमखास येतात. तिथं पहाऱ्याला नाव द्या. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, दोन-दोन तासांनी माणूस बदलतो. रात्री दोन ते चारचा पहारा कुणाला नको असतो. तो मागून घ्या. शिफारस म्हणून एवढं पुरतं.

मग भिशी. दिंडीत हा शब्द महिन्याच्या भिशीसारखा नाही. जेवण, तंबू, ट्रक, पाण्याचा टँकर यांचा माणशी वाटा म्हणजे भिशी. काही हजारांत असते, दिंडीगणिक वेगळी. परवडत नसेल तर मालकांना एकट्यात सांगावं. काम करून चालणारे प्रत्येक दिंडीत असतात आणि त्यांच्याकडे कोणी वेगळ्या नजरेनं बघत नाही. एका दिंडीचा मात्र मला वाईट अनुभव आहे. मैत्रिणीला पाठवलं होतं, तिच्याकडून पूर्ण भिशी घेतली आणि मुक्कामाला तंबूत जागाच नव्हती, तीन रात्री ती ट्रकखाली झोपली. त्यामुळे गेल्या वर्षी त्या दिंडीत चाललेल्या एखाद्या बाईला, पुरुषाला नव्हे, बाईला विचारून मगच पैसे द्या. न्हाणीघर आणि संडासाचं खरं तीच सांगेल.

अलीकडे आधारकार्डाची झेरॉक्स आणि घरच्यांचा फोन नंबर मागतात. द्या.

माळ घालावीच लागते का?

नाही. चालायला माळ लागत नाही. हे इतक्या ठळकपणे सांगते कारण निम्मे लोक या भीतीनंच येत नाहीत, आणि उरलेल्यांतले काही जण उत्साहात पहिल्याच वर्षी माळ घालून बसतात.

तुळशीची एकशेआठ मण्यांची माळ म्हणजे वारकरी होण्याची दीक्षा. फडकऱ्यांच्या किंवा जुन्या माळकऱ्याच्या हातून घेतात, बहुधा ज्ञानेश्वरीवर ठेवून, नाहीतर आळंदी-पंढरपुरात. मंत्र कानात सांगणं वगैरे गूढ काही नाही, ‘राम कृष्ण हरी’ हा मंत्र सगळ्या रस्त्याला ऐकू जातो. बदल्यात शब्द द्यायचा असतो. मटण-मासे आणि दारू बंद. एकादशी धरायची. रोज हरिपाठ म्हणायचा. खोटं बोलायचं नाही, परक्याच्या बाईकडे आईच्या नजरेनं बघायचं. आणि वर्षातून निदान एक वारी, आषाढी किंवा कार्तिकी, मरेपर्यंत. माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत जुने माळकरी पाण्याचा घोटही घेत नाहीत. सासूबाईंची एकदा नीरेच्या घाटावर आंघोळीत तुटली. दोरा मिळेपर्यंत दुपार झाली, त्या उन्हात तशाच बसून होत्या.

आता साताऱ्यात राहणाऱ्याची एक खास अडचण. इथं घरटी कोणाचा ना कोणाचा अनुग्रह असतो. कोणी सज्जनगडाचा, कोणी गोंदवल्याचा. ‘आम्ही समर्थांचे, आम्हाला चालेल का?’ चालेल. दिंडीत मी गोंदवल्याची जपमाळ ओढणारी माणसं बघितलीत. फक्त एक करा, आपल्या संप्रदायाची भजनं दिंडीच्या रांगेत सुरू करू नका. तिथं क्रम ठरलेला असतो.

मी माळ चौथ्या वर्षी घेतली. आमच्या विणेकरीबुवांनी त्याआधी दोनदा परत पाठवलं होतं. म्हणाले, ‘आवंदा न्हाई. घरी गौरीला मटन असतंय न्हवं तुमच्यात? आधी घरात बोला.’ घरात बोलायला मला वर्ष गेलं.

ओळ, आणि ओळीतली आपली जागा

इथं मी जरा थांबून सांगणार आहे, कारण नवख्याकडून चुका होतात त्या इथंच.

दिंडीत सगळ्यांत पुढे पताकावाले, खांद्यावर भगवी पताका. त्यांच्यामागे टाळकरी समोरासमोर दोन बाजूंनी, मधे रिकामी वाट. त्यांच्यात मृदंग. आणि त्यांच्यापाशी विणेकरी. मागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, पाण्याची कळशी घेतलेली एक जण, मग बाकीचे सगळे. ही दिंडी चालते तशी तिचं केंद्र म्हणजे वीणा. कुठला अभंग घ्यायचा, कधी थांबायचं, कधी पावली खेळायची, हे विणेकरी ठरवतो, तेही न बोलता. मालक वही सांभाळतो, विणेकरी दिंडी सांभाळतो.

पहिल्या वर्षी तरडगावच्या अलीकडे, चांदोबाचा लिंब इथं, मी मोबाइल काढला आणि फोटोसाठी टाळकऱ्यांच्या मधल्या वाटेनं वीणेच्या पुढ्यातून आडवी गेले. कुणी ओरडलं नाही. बुवा नुसते थांबले. टाळ थांबले. मृदंग थांबला. मागची म्हातारी माझ्या दंडाला धरून म्हणाली, ‘आगं माऊली, ईण्याम्होरनं जाऊ न्हाई.’ तेवढंच. पुन्हा अभंग सुरू झाला. तो फोटो मी नंतर पुसून टाकला.

तर: वीणेला ओलांडायचं नाही. ओळीच्या मधल्या वाटेतून चालायचं नाही. टाळ जमिनीवर, पायाशी ठेवायचे नाहीत. गळ्यात अडकवा किंवा कुणाच्या हाती द्या. वीणा हातात घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं, देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या. वय बघायचं नाही. आमच्या दिंडीत बासष्ट वर्षांचे बुवा तेवीस वर्षांच्या पोराच्या पाया पडले तेव्हा तो पोरगा मागे सरकला. मागे सरकायचं नाही, हाही नियमच. आपण पुन्हा वाकायचं, एवढंच.

टाळ वाजवता येत नसेल तर पहिल्या वर्षी धरू नका. हे कठोर वाटेल. पण दोन ठेक्यांत एक चुकला की आजूबाजूचे चौघे चुकतात. पताका घ्या. पताका घ्यायला कोणाची हरकत नसते आणि खांदा दुखला की कळतं आपण कशात आलोय ते. आमच्या दिंडीत वीणा अजून बाईच्या हातात आलेली नाही. टाळ आले, मृदंग एका मुलीनं दोन वर्षं वाजवला. पाळीच्या दिवसांत तुळस डोक्यावर घ्यायची की नाही यावर म्हाताऱ्यांत दोन मतं आहेत. मी कुणाला विचारत बसले नाही.

अभंगांचा क्रम पाठ नसला तरी चालतं, अंदाज असावा. पहाटे काकडा, मग भूपाळ्या, वाटेत रूपाचे अभंग, वाराचे अभंग (सोमवारचे वेगळे, गुरुवारचे वेगळे), गौळणी, संध्याकाळी हरिपाठ. निघण्याआधी हरिपाठाचे सत्तावीस अभंग तेवढे पाठ करा. महिनाभर रोज एक म्हटला तरी होतात. बाकीच्याला छापील भजनी मालिका खिशात ठेवता येते, आमचे अर्धे टाळकरी ठेवतात.

आपल्या जिल्ह्यातले दिवस

सुट्टी कमी असलेल्यांनी आळंदीपासूनच चाललं पाहिजे असं नाही. आपल्याकडचे पुष्कळ लोक लोणंदला मिळतात. रेल्वेनं किंवा एसटीनं येता येतं. नीरा नदीवर माउलींच्या पादुकांना स्नान घालतात आणि पालखी पाडेगावला सातारा जिल्ह्यात शिरते. लोणंदचा मुक्काम तिथींप्रमाणे कधी एका रात्रीचा, कधी जास्त. वर्षाचं वेळापत्रक आधी बघून घ्या, नाहीतर तुम्ही पोचाल आणि पालखी तरडगावला गेलेली असेल.

तरडगावची चाल छोटी आहे, नवख्याचे पाय तपासायला बरी. त्याच वाटेवर चांदोबाचा लिंब इथं पहिलं उभं रिंगण होतं. दिंड्या रस्त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहतात आणि मधून दोन अश्व धावत जातात, एकावर स्वार, दुसऱ्यावर कोणी नाही. तो माउलींचा. घोडा गेला की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. तिथं लहान मुलांना पुढे करू नका आणि स्वतःही दोन श्वास थांबून मग वाका. तरडगाव ते फलटण मात्र लांब पल्ला, वीसेक किलोमीटर, झाडी विरळ. फलटणला तळ विमानतळाच्या मैदानावर असतो, पाऊस झाला तर चिखल मोठा. मग बरड, आणि धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं लोणंद ते बरड एवढं करून परत यावं असं माझं मत आहे. मालक त्याला ‘वारी’ म्हणणार नाहीत, पण पुढच्या वर्षी जागा देतील.

सामानाचं थोडक्यात: वळकटीला मोठं नाव आणि दिंडी क्रमांक, प्लास्टिकचा मोठा कागद, ताट-तांब्या आपला, जुनी सरावाची चप्पल (नव्या बुटांनी दुसऱ्या दिवशी फोड येतात), खोबरेल तेल, गोळ्या. पांढरे कपडे असलेले बरे, सक्ती नाही. गोपीचंदन आणि बुक्का दिंडीत मिळतो.

तळावर

संध्याकाळी पालखी तळावर आली की समाजआरती होते. सगळ्या दिंड्या भोवतीनं उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. शिस्त सांभाळणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच करतात आणि सगळं शांत होतं. इतकं, की लांबचं पोर रडलेलं ऐकू यावं. पण कधी कधी एखादी दिंडी टाळ वाजवत राहते. नवख्याला वाटतं यांना दिसलं नाही. दिसलेलं असतं. त्या दिंडीची तक्रार आहे, म्हणून ती गप्प होत नाही. पाण्याचा टँकर आला नाही, कुणी त्यांच्या जागेत घुसलं, काहीही. चोपदार तिथं जातात, विचारतात, निवाडा सांगतात, मग टाळ थांबतात आणि आरती होते. हरवलेल्या वस्तू, सापडलेली माणसं यांची पुकारणीही तिथंच. अर्जाला कागद नाही, शिक्का नाही. मी पंचायत समितीच्या शाळेत काम करते, मला त्या टाळांचा हेवा वाटतो.

तुमची स्वतःची तक्रार असेल तर आधी मालकांकडे. थेट चोपदारांकडे जायचं नसतं.

पंगतीत बसताना जागा शोधत फिरू नका, जिथं ओळ संपते तिथं बसा. ‘पुंडलिक वरदे’ झाल्याशिवाय घास नाही. वाढायला उठलेला माणूस कलेक्टर असेल किंवा गवंडी, त्याला ‘माउली, भाकरी’ एवढंच म्हणायचं. नाव, आडनाव, नोकरी कोणी विचारत नाही. निदान विचारू नये. हे सगळं पहिल्यापासून असंच गोजिरं होतं असं मात्र समजू नका. जातीजातीच्या वेगळ्या दिंड्या आणि वेगळ्या पंगती होत्या, आणि पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडण्यासाठी 1947 मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. आजही एखाद्या पंगतीत कुणी आडनाव विचारतंच. अशा वेळी आमचे बुवा मोठ्यानं ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ सुरू करतात. विचारणाऱ्याला टाळ धरावे लागतात.

पहिल्या दोन दिवसांत एक काम आपलं म्हणून धरा. भांडी, तंबूच्या दोऱ्या, म्हाताऱ्यांचे पाय चेपणं, सकाळी ट्रक भरणं. ‘काही मदत करू का?’ असं विचारलंत तर ‘बसा माउली’ म्हणतील. विचारू नका, ताट उचला. माझ्याकडे चहाची कळशी आली ती अजून आहे. एका वर्षी बहिणीच्या लग्नामुळे मी चार दिवस उशिरा पोचले तेव्हा ती कळशी कुणी घेतली नव्हती, आचारी स्वतः चहा देत होता आणि मला बघून नुसता ‘या’ म्हणाला. त्या दिवशी मला वाटलं, आता खरं नाव लागलं वहीत.

परत येताना

बरेच जण एकादशीला कळसाचं दर्शन घेऊन एसटी पकडतात. नोकरीवाल्यांचा इलाज नसतो. पण दिंडीच्या हिशेबात वारी पुरी होते ती पौर्णिमेला, गोपाळपूरच्या काल्यानंतर. देवळातल्या दर्शनाच्या रांगेत उभं राहायलाच हवं असंही नाही. चंद्रभागा, कळस, नामदेव पायरी एवढ्यावर कित्येक जुने वारकरी समाधानी असतात. निघण्याआधी मालकांना भेटून ‘पुढल्या वर्षी’ एवढं सांगा, न सांगता जाऊ नका. वहीतलं नाव त्यावर ठरतं.

साताऱ्याकडची एसटी म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव अशी येते. प्रसादाचे चुरमुरे आणि बुक्का पिशवीत वरच ठेवा, कारण स्टँडवर उतरल्या उतरल्या लोक पाया पडायला लागतात. ओळखीचे, बिनओळखीचे, तुमच्यापेक्षा दुप्पट वयाचे. लाजून मागे सरायचं नाही. चिमूटभर प्रसाद द्यायचा आणि त्यांच्या पाया पडायचं. घरी आल्यावर चार-आठ दिवसांत मावंदं, म्हणजे वारीहून आल्यावरचं जेवण, घाला. पुरणपोळी जमली नाही तर शिरा-भात-आमटी चालते. आणि ज्यांनी तुमच्या मागं घर, गुरं, पोरं सांभाळली त्यांना पहिल्या पंगतीला बसवा. आमच्याकडे ती पंगत सासूबाईंपासून सुरू होते.